हिरवा ठिपका आणि वासराचं पोट

दुसरबीडसारख्या गावात दुग्धतंत्रज्ञ म्हणून राहायचं म्हणजे गावाच्या खाण्यापिण्यातल्या शंकांचा निवाडा करण्याचं बिनपगारी काम पदरात घ्यायचं. दुधाची फॅट का घसरली, खव्यात पीठ आहे का, लग्नातलं पनीर रबरासारखं का लागलं, हे प्रश्न जुनेच. अलीकडे त्यांत एकाची भर पडली आहे. ‘ताई, चीजमध्ये वासराचं आतडं घालतात म्हंते, खरं हाय का?’

विचारणारे बहुतेक माळकरी असतात. सिंदखेड राजा तालुक्यातल्या आमच्या या पट्ट्यात पंढरीची आणि शेगावची वारी करणारी घरं गल्लोगल्ली आहेत, महानुभाव उपदेशी आहेत, जैन कुटुंबंही आहेत. गळ्यात तुळशीची माळ असलेल्या माणसाच्या घरातही आता चीज येतं. मेहकर आणि जालन्याच्या मधला जुना नागपूर–मुंबई रस्ता गावातून जातो, जवळून समृद्धी महामार्ग गेला. शहरातलं खाणं इथे यायला आता वेळ लागत नाही. लग्नात चीज पावभाजीचा स्टॉल, नातवाच्या वाढदिवसाला पिझ्झा, टपरीवर चीज सँडविच. त्यात मोबाईलवर एखादा व्हिडिओ येतो आणि आजोबांचा घास हातातच राहतो.

माझं उत्तर ठरलेलं असतं. गोष्ट खरी आहे, पण तुमच्या हातातल्या डब्याची नाही. शंका घेण्यात काही वावगं नाही. मात्र ती जिथे घ्यायला हवी तिथे कोणी घेत नाही आणि जिथे कायद्याने प्रश्न मिटवला आहे तिथे सगळे अडून बसतात. या लेखात ती शंका जरा योग्य जागी सरकवायची आहे.

आधी मूळ गोष्ट. दूध दोन रीतींनी घट्ट होतं. एक रीत आपल्या घरची, आंबटाची. उकळत्या दुधाला लिंबू किंवा सायट्रिक आम्ल लावलं की ते फाटतं आणि पनीर मिळतं. यात प्राण्याचा काही संबंध नाही. दुसरी रीत चीजची. दूध कोमट, म्हणजे साधारण ३० ते ३२ अंशांवर आणायचं, विरजण घालायचं आणि मग दूध बसवणारं रेनेट. द्रवरूप रेनेट १०० लिटर दुधाला १५ ते २५ मिलिलिटर पुरतं. अर्ध्यापाऊण तासात सगळं दूध मऊ खरवसासारखं बसतं. बसलं की नाही हे पाहायला त्यात सुरी तिरपी घालून हळूच वर उचलायची. चीर सरळ, स्वच्छ फाटली आणि फटीत हिरवट निवळी जमली की चौकोन कापायला घ्यायचे. चीर भुगा होऊन फाटली किंवा निवळी दुधाळ दिसली तर थांबायचं. चीज कारखान्यात मी अनेक वर्षं काम केलं. तिथे पाइप आणि पडदे कितीही आले तरी ही सुरीची परीक्षा कोणी सोडली नव्हती.

रेनेटचं काम फार नेमकं असतं. दुधातली केसीनची कणं एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यांच्या अंगावर कप्पा-केसीन नावाच्या प्रथिनाची लव असते. रेनेटमधलं कायमोसिन हे विकर त्या प्रथिनातल्या १०५ आणि १०६ क्रमांकाच्या अमिनो आम्लांमधला दुवा तोडतं. लव गळून पडते, कणं कॅल्शियमच्या मदतीने एकमेकांना धरतात आणि दूध बसतं. वासराच्या पोटात निसर्गाने ही सोय केली ती दूध झरकन पुढे वाहून जाऊ नये, पोटात थांबून पचावं म्हणून. वासरू चरायला लागलं की कायमोसिन कमी होतं आणि पेप्सिन वाढतं. म्हणूनच रेनेटसाठी दूधपित्या वासराचं चौथं पोट लागायचं आणि ते काढायचं तर वासरू मारावं लागायचं. व्हिडिओतला ‘आतडं’ हा शब्द चुकीचा आहे, पण मुद्दा चुकीचा नाही.

युरोपात शतकानुशतकं हेच चाललं. वाळवलेल्या पोटाचे तुकडे भिजत घालून गवळी आपापलं रेनेट बनवायचे आणि प्रत्येक भांड्याची ताकद निराळी असायची. १८७४ मध्ये कोपनहेगनला ख्रिस्तियन हान्सन या औषधनिर्मात्याने ठरावीक ताकदीचं रेनेट बनवून विकायला सुरुवात केली आणि चीज कारखान्यांना एकसारखं रेनेट मिळू लागलं. आपल्याकडेही हे अगदी परकं नव्हतं. दुग्धशास्त्राच्या पुस्तकांत सुरती पनीरची कृती असते. ते मऊ, निवळीत ठेवलेलं पनीर परंपरेने बकऱ्याच्या पोटापासून काढलेल्या रेनेटने लावलं जायचं. मुंबईच्या पारशी घरांतल्या टोपली पनीरला कोंबडीच्या पोटातलं वाळवलेलं अस्तर वापरायची जुनी पद्धत आहे. म्हणजे एरवी निर्धोक असलेलं ‘पनीर’ही या दोन ठिकाणी विचारून घ्यावं असं.

मग वासरू सुटलं कसं? दयेमुळे सुटलं असं म्हणायला मला आवडलं असतं. ते सुटलं टंचाईमुळे. दुसऱ्या महायुद्धानंतर चीजची मागणी वाढत गेली आणि वासरांची पोटं पुरेनात. १९६० च्या दशकात जपानमध्ये केई अरिमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीतल्या एका बुरशीपासून दूध बसवणारं विकर मिळवलं. रायझोम्युकर कुळातल्या अशा बुरशी टाक्यांत वाढवून आज जे रेनेट बनतं ते मायक्रोबियल रेनेट. ते स्वस्त आहे, भरपूर मिळतं आणि त्यात प्राण्याचा अंश नाही. एक उणीव आहे. ते ठरलेल्या दुव्याखेरीज इतरही प्रथिनं थोडी तोडत बसतं, त्यामुळे वर्षभर मुरवलेल्या चीजला कधी कडवटपणा येतो. आपण खातो ते चीज बहुतेक लवकर संपणारं, त्यामुळे आपल्याला तो जाणवत नाही.

१९९० मध्ये अमेरिकेत तिसरा मार्ग मंजूर झाला. वासराचं कायमोसिन बनवणारा जनुक सूक्ष्मजीवात बसवायचा आणि टाकीतच हुबेहूब कायमोसिन तयार करून घ्यायचं. आज अमेरिकेतलं बहुतांश चीज याच कायमोसिनवर बनतं. जगातल्या बऱ्याच शाकाहारी संस्था ते चालवून घेतात, कारण त्यासाठी वासरू मारावं लागत नाही. आमच्या आबांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, ‘मूळ तं गाईचंच ना?’ प्रश्न रास्त आहे. विज्ञान एवढंच सांगू शकतं की कापलेल्या वासराचा अंश त्यात नाही. मूळ कुठलं धरायचं ते ज्याने त्याने आपल्या माळेला विचारावं.

वनस्पतींचाही एक मार्ग आहे. पोर्तुगालमधलं सेरा दा इश्त्रेला हे मेंढीच्या दुधाचं चीज एका काटेरी फुलाच्या तुऱ्यांनी लावतात. आपल्याकडे काष्ठौषधीच्या दुकानात साखरेच्या रोगासाठी लोक ‘पनीर फूल’ घेतात. त्या विथानियाच्या फळातही दूध बसवणारं विकर आहे, नाव त्यावरूनच पडलं. पपईचा किंवा अंजिराचा चीकही दूध बसवतो. घरी करून बघायला हरकत नाही, पण मुरणाऱ्या चीजला यांनी बऱ्याचदा कडूपणा येतो. म्हणून आपल्याकडच्या कारखान्यांनी बुरशीच धरली.

आता आपल्या डब्याकडे येऊ. भारताच्या अन्न सुरक्षा मानकांत चीजची व्याख्याच अशी आहे की दूध प्राणिज नसलेल्या रेनेटने किंवा अन्य योग्य पदार्थाने बसवलेलं असावं. म्हणजे इथे कायदेशीर बनलेल्या चीजमध्ये वासराचं रेनेट असायला जागाच नाही. अमूल असो की मंचरच्या कारखान्यातलं गो, मायक्रोबियल रेनेटच वापरलं जातं आणि वेष्टनावर हिरवा ठिपका असतो. शाकाहारी आणि मांसाहारी खाद्यपदार्थांच्या खुणा २००१ च्या अधिसूचनांनी सक्तीच्या झाल्या. त्यामागे पुण्यातल्या ब्यूटी विदाउट क्रुएल्टी या संस्थेचा मोठा पाठपुरावा होता. पुढे २०२० च्या लेबलिंग नियमांनी मांसाहाराच्या तपकिरी ठिपक्याचा त्रिकोण केला, कारण रंगांध माणसाला हिरवा आणि तपकिरी गोल सारखेच दिसायचे. म्हणून आता रंगासोबत आकारही पाहावा.

ठिपक्याची व्याख्या मात्र एकदा नीट वाचावी. प्राणी, पक्षी, कीटक, मासे, अंडी किंवा त्यांच्यापासून मिळालेला कोणताही घटक असला की पदार्थ मांसाहारी. यातून दूध, दुधाचे पदार्थ, मध, मधमाशीचं मेण आणि लाख वगळली आहे. चॉकलेट-गोळ्यांवर किंवा आयात सफरचंदांवर जी चकाकी असते ती बऱ्याचदा लाखेची (क्रमांक ९०४) किंवा मेणाची (९०१) असते. लाख कीटकाच्या स्रावातून येते, तरी ठिपका हिरवाच राहतो. काटेकोर जैन आचार पाळणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. दूधही नको असेल त्यांच्यासाठी ‘व्हीगन’ची वेगळी खूण २०२२ पासून आहे.

मग प्राणी लपतो कुठे? चीजपेक्षा चीजच्या आसपास. यादी करायची तर मी या क्रमाने करीन.

पहिली गोष्ट चीजचा स्वाद. चीज चिप्स आणि चीज पॉपकॉर्नवरची पिवळी पूड ही बऱ्याचदा विकरं घालून तीव्र केलेल्या चीजपासून बनते. इटालियन ढंगाचा तिखट वास आणण्यासाठी लायपेज हे विकर वापरतात आणि त्याचा एक पारंपरिक उगम करडं-कोकरांच्या जिभेजवळच्या ग्रंथी हा आहे. देशी पाकिटावर हिरवा ठिपका असेल तर बुरशीचं लायपेज असणं अपेक्षित आहे. परदेशी पाकिटावर ठिपकाच नसतो.

दुसरी, क्रमांक ६३१. डायसोडियम इनोसिनेट, चव खुलवणारा पदार्थ, झटपट नूडल्स आणि वेफर्समध्ये असतो. तो मांस-माशांपासूनही मिळतो आणि पिष्ट आंबवूनही. नुसता क्रमांक पाहून यातलं काही कळत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने याच मुद्द्यावर बोट ठेवलं आणि घटक वनस्पतीपासून, प्राण्यापासून की प्रयोगशाळेतून आला हेही उत्पादकाने सांगावं असा आदेश दिला. ४७१ क्रमांकाच्या मोनो-डायग्लिसराइडचं तेच. चरबीपासूनही होतं, पामतेलापासूनही.

तिसरी गोष्ट जिलेटिन. मार्शमेलो, चघळायच्या गोळ्या, काही थंड मिठाया आणि सगळ्यांत जास्त म्हणजे औषधाची कॅप्सूल. औषधाला हिरवा-तपकिरी ठिपका लागू नाही. चीजचा डबा उलटसुलट करून वाचणारे आजोबा सकाळी गुरांच्या हाडा-कातड्यापासून बनलेली कॅप्सूल पाण्याबरोबर घेतात. ड जीवनसत्त्वाची डी-३ पुडी बहुतेकदा मेंढीच्या लोकरीवरच्या मेणापासून होते. औषध बंद करा असं मी कोणाला सांगणार नाही. डॉक्टरांना विचारलं तर काही औषधं गोळीच्या रूपात मिळतात, एवढंच सांगते.

चौथी गोष्ट सणासुदीच्या दिवसांतली आहे. मिठाईवरचा चांदीचा वर्ख. चांदीचे तुकडे गुरांच्या आतड्याच्या किंवा कातड्याच्या पानांमध्ये ठेवून तासन्‌तास कुटायचे, ही वर्खाची जुनी रीत. २०१६ मध्ये वर्ख बनवताना प्राणिज वस्तू वापरायला मनाई झाली. आता यंत्रावर बनलेला वर्ख मिळतो, पण सुट्या काजूकतलीवर कुठला बसला आहे हे तुम्ही विचारल्याशिवाय हलवाई सांगत नाही. आतड्याचा संशय घ्यायचाच तर तो चीजआधी वर्खावर घ्यावा.

एक भीती मात्र काढून टाका. साखर हाडांच्या कोळशाने गाळतात असं सांगितलं जातं. अमेरिकेतल्या काही रिफायनऱ्यांत ते खरं आहे. आपल्या बाजूची साखर चुना आणि गंधकाच्या धुराने रस निवळून बनते. दुसरबीडचा जिजामाता कारखाना आता बंद आहे, पण तो चालू असताना उसाचा रस कसा निवळायचे हे सांगणारी माणसं गावात अजून भेटतील.

परदेशात गेलेल्या पोरांचं प्रकरण वेगळं. तालुक्यातली बरीच मुलं आज पुणे-बंगळूरवरून जर्मनी-अमेरिकेत आहेत आणि दुकानातल्या कपाटासमोर उभं राहून लेबलचे फोटो पाठवतात. अमेरिकेत डब्यावर नुसतं ‘एन्झाइम्स’ लिहिलं तरी चालतं, उगम सांगायची सक्ती नाही. युरोपात चीज बनवायला लागणारी विकरं यादीत छापण्याचंही बंधन नाही. तिथे नावच पाहावं लागतं. पार्मिजानो रेज्जानो, ग्राना पादानो, ग्रुयेर, रोकफोर आणि पेकोरिनो रोमानो या संरक्षित नावांची चीज त्यांच्या नियमांप्रमाणे प्राणिज रेनेटनेच होतात. ग्राना पादानोत बहुतेकदा अंड्याच्या पांढऱ्यातलं लायसोझाइमही (११०५) असतं. ज्या पास्त्यावर किंवा पेस्टो चटणीत पार्मेसान पडलं तो पदार्थ हॉटेलच्या मेन्यूत ‘व्हेज’ असला तरी माळकऱ्यासाठी नाही. कोशर आणि हलाल या खुणांवरही विसंबू नये. त्या वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देतात. ‘व्हेजिटेरियन’ असं स्पष्ट लिहिलेलं किंवा मायक्रोबियल रेनेट असं छापलेलं चीज घ्यायचं. जर्मनीत रेनेटला ‘लाब’ म्हणतात आणि इटलीत ‘काल्यो’. त्याच्या शेजारी मायक्रोबियल अर्थाचा शब्द दिसला की झालं. येताना गावाकडे भेट म्हणून परदेशी चीज आणू नका, आणलंच तर आधी फोटो पाठवा, असं मी सगळ्यांना सांगून ठेवलं आहे.

एवढं झाल्यावर खरी फसवणूक कुठली, ते सांगायला हवं. पंगतीच्या आचाऱ्याकडे येणारं स्वस्त ‘पनीर’ आणि सँडविचवर किसून पडणारं स्वस्त ‘चीज’ पुष्कळदा अॅनालॉग असतं. दुधाची फॅट काढून पामतेल, कधी सोबत पिष्ट. ते शंभर टक्के शाकाहारी असतं, हिरवा ठिपका त्याला शोभतो, फक्त ते चीज नसतं. कायद्याने त्याला चीज-पनीर म्हणून विकता येत नाही. सुट्या मालावर मात्र लेबलच नसतं. उकळून गार केलेल्या पनीरच्या तुकड्यावर आयोडिनचे दोन थेंब टाका, निळं पडलं तर पीठ आहे. पामतेल मात्र या थेंबांना सापडत नाही, त्यासाठी प्रयोगशाळाच लागते. भावावरून अंदाज येतो. एक किलो चेडर चीजला गाईचं सुमारे दहा लिटर दूध लागतं. दहा लिटर दुधाच्या किमतीहून स्वस्त किलोभर चीज कोणी देत असेल, तर तो धर्मादाय करत नाहीये. हिरवा ठिपका शाकाहाराची हमी देतो, शुद्धतेची देत नाही, हे आचाऱ्याला सुपारी देतानाच ध्यानात ठेवावं.

घरी करायचं असेल तर मायक्रोबियल रेनेटच्या गोळ्या किंवा पूड आता शहरात आणि ऑनलाइन मिळते. गावातल्या बचत गटाच्या बायकांना मी मोझरेला करून दाखवते. म्हशीच्या दुधात कॅल्शियम आणि प्रथिनं जास्त, त्यामुळे ते लवकर आणि घट्ट बसतं. रेनेट जरा कमी घालावं लागतं. रेनेटचं पाकीट वाचायला सांगितलं की एखादी हमखास विचारते, ‘ताई, हे खरंच बुरशीचं ना?’ पाकिटावर लिहिलेलं दाखवलं की सुरी पुढे सरकते.

शेवटी एक गोष्ट, जी चीजच्या चौकशीला आलेल्या माणसाला मी मुद्दाम सांगते आणि जी त्याला फारशी आवडत नाही. रेनेटसाठी वासरू मारणं युरोपाला शक्य झालं, कारण दुधाच्या धंद्यात नर वासरू नकोसं असतं. ते नकोसं आपल्याकडेही आहे. आपण त्याला मारत नाही, उपाशी ठेवतो. म्हशीला रेडकू झालं की चिकाचा अर्धा वाटा आधी माणसाच्या पातेल्यात जातो आणि रेडक्याला सड चोखू दिला जातो तो फक्त पान्हा सुटेपर्यंत. बरीच रेडकी महिन्या-दोन महिन्यांत आपोआप ‘मरतात’. गाव त्याला रोग म्हणतं. त्यावर उपाय आहेत. जन्मल्यावर लगेच पोटभर चीक पाजायचा, पहिले तीन महिने दुधाचा ठरलेला वाटा द्यायचा. शक्य असेल तिथे लिंगविनिश्चित वीर्यमात्रा वापरायची म्हणजे नर कमीच जन्मतात. खर्च येतो, दोन लिटर दूध डेअरीत कमी जातं, हे मला ठाऊक आहे.

चीजच्या डब्यात वासराचा अंश नको, हे कायद्याने मान्य केलं आणि कारखान्यांनी ते पाळण्याजोगा स्वस्त मार्गही काढला. दुधाच्या कॅनवर मात्र रेडक्याला किती दूध मिळालं हे कोणी छापत नाही आणि छापायला लावणारा कायदाही नाही. तेव्हा माळकऱ्यांनी हिरवा ठिपका पाहून चीज बिनघोर खावं, वर्ख आणि कॅप्सूलबद्दल जरूर विचारावं, आणि गोठा घरचा असेल तर एक सड रेडक्यासाठी राखावा.